भत्ता जास्त की कमी? ब्रिटनचं बदलतं मत

(दृश्य: लंडन, डिसेंबर १९४२. दुकानाबाहेर रांग.)

ही रांग एका सरकारी अहवालासाठी आहे. अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांनी त्यात मांडलेली योजना सोपी होती: कमावत्याने दर आठवड्याला ठरावीक वर्गणी भरायची आणि आजारपण, बेकारी किंवा म्हातारपण आलं की हक्काने पैसे घ्यायचे. ५ जुलै १९४८ला ती सुरू झाली. वर्गणी भरली म्हणून मिळतंय, त्यामुळे घेताना कुणाची मान खाली जात नव्हती.

पुढे वर्गणीवरचे हक्क आकसले आणि उत्पन्न तपासून द्यायची मदत वाढली. मग बोलणंही बदललं: ‘आमचे पैसे’ ऐवजी ‘आमच्या करातून त्यांना’.

(दृश्य: प्रश्नावलीचं पान.)

‘ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स’ ही पाहणी १९८३पासून लोकांची मतं नोंदवते. तिचा एक जुना प्रश्न: बेकारी भत्ता इतका कमी आहे का की हाल होतात, की इतका जास्त की काम शोधावंसंच वाटत नाही? ऐंशीच्या दशकात ‘कमी’ म्हणणारे जास्त होते. नव्वदच्या अखेरीस पारडं फिरलं आणि बरीच वर्षं ‘जास्त’कडेच झुकलेलं राहिलं. २०१५नंतर मत पुन्हा मवाळ होऊ लागलं. या सगळ्या काळात पगारांच्या तुलनेत भत्ता मात्र घसरतच होता.

असे आकडे वाचताना शब्द तपासायलाच हवेत. अमेरिकेतल्या पाहणीत काहींना ‘वेल्फेअर’वरच्या (म्हणजे सरकारी मदतीवरच्या) खर्चाबद्दल विचारतात, काहींना ‘गरिबांना मदत’ या शब्दांत. दुसऱ्या शब्दांना कितीतरी जास्त पाठिंबा मिळतो. ब्रिटनमध्येही सरकारी भत्त्यांत सर्वात मोठा खर्च पेन्शनचा, पण ‘बेनिफिट्स’ (भत्ते) म्हटलं की डोळ्यांपुढे बेकार तरुण येतो. शिवाय २०२०मध्ये ब्रिटनची ही पाहणी घरोघरी जाण्याऐवजी ऑनलाइन झाली, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या टक्केवाऱ्या थेट शेजारी मांडणं धोक्याचं.

(दृश्य: मोबाइलवर अर्ज.)

२०१३मध्ये आलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ने, म्हणजे बेकार आणि कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या भत्त्याने, सहा जुने भत्ते एकत्र केले. पहिले पैसे हातात यायला सुमारे पाच आठवडे लागतात. तोवर आगाऊ रक्कम मिळते, पण ती उसनी. फिटेपर्यंत पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. घरभाडं इथेच थकतं.

२०२०च्या टाळेबंदीत अनेक पगारदारांनी हा अर्ज आयुष्यात पहिल्यांदा भरला. त्याच वसंतात भत्त्यात आठवड्याला २० पौंडांची भर पडली. ऑक्टोबर २०२१मध्ये ती काढून घेतली गेली. आजारपण-अपंगत्वामुळे जुन्या पद्धतीच्या भत्त्यावर असलेल्यांना ते २० पौंड एकदाही मिळाले नाहीत.