जम्या?

[दृश्य : दांडिया बाजार, सकाळ. जुन्या वाड्याचा लाकडी जिना.]

बडोद्यात येऊन तिसरा दिवस. समोरच्या मासींनी जिन्यातच गाठलं. "जम्या?"

मी म्हटलं, "हो, हळूहळू जमतंय. गॅस तेवढा अजून आला नाही."

मासी बघतच राहिल्या. गुजरातीत जमणं म्हणजे जेवणं. त्या 'जेवलीस का' विचारत होत्या आणि मी बस्तान बसल्याचा अहवाल देत होते! 'गॅस' हा शब्द मात्र त्यांना बरोबर कळला. अर्ध्या तासात डब्यातून खिचडी-कढी आली. कढी गोड होती. सवय व्हायला महिना गेला.

[दृश्य : गल्ली, दुकानांच्या पाट्या.]

खरं तर इथं मराठी माणसाला अडायचं कारण नाही. गायकवाडांची राजधानी ही. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. पण त्यांचं मराठी ऐकावं! आमच्या घरमालकीण काकू भाजीला शाक म्हणतात आणि खिडकीला बारी. "बारी लावून घे, मच्छर येतील," हे त्यांच्या लेखी शुद्ध मराठी. पाट्या वाचताना मी आधी अडखळायचे. डोक्यावरची रेघ काढून घेतली की ओळखीची अक्षरंही परकी दिसतात.

[दृश्य : सेवउसळची लारी, अगदी जवळून.]

इथं गाडी नाही म्हणायचं, लारी म्हणायचं. स्टीलच्या ताटलीत पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर लालभडक तरी, बाजूला जाड शेव, चिरलेला पातीचा कांदा, पाव. शेव एकदम ओतायची नाही, घासागणिक टाकायची. नाहीतर तिचा लगदा होतो. तरी संपली की ताटली नुसती पुढं करायची, बोलावं लागत नाही. मिसळीची बहीण म्हणा हवं तर. नाशिककडच्या माणसानं हे कबूल करणं जड जातं, पण बहीण देखणी आहे.

[दृश्य : मांडवी, सेंट्रल लायब्ररी.]

नाशिकवरून आठवलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ 1875 साली इथं दत्तक आला आणि सयाजीराव झाला. नव्या गावात रुळणं म्हणजे काय, ते त्या पोराला विचारायला हवं होतं. त्यांच्याच काळात, 1910 मध्ये, ही लायब्ररी सुरू झाली. पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी आणि मजल्यांची जमीन चक्क काचेची, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. मराठी पुस्तकं शोधताना पायाखालून कुणाची तरी सावली सरकते. पहिल्यांदा मी दचकून चप्पल काढली होती.

[दृश्य : विश्वामित्रीचा पूल.]

शहराच्या मधोमध वाहणाऱ्या या नदीत मगरी आहेत. गंमत नाही, खऱ्या. लोक पुलावरून वाकून बघतात आणि "बे छे, बे" करत पुन्हा स्कूटरला किक मारतात. पावसाळ्यात नदी फुगली की मगरी वस्तीतही येतात. मग मात्र कुणी गंमत म्हणून बघत नाही.

[दृश्य : पुन्हा वाडा, संध्याकाळ.]

साडेसात. मासींची हाक येणारच.

"जम्या?"

माझा कुकर केव्हाच उतरलाय. पण आज गुरुवार, मासींकडे हांडवो असतो.

"ना मासी, हजी बाकी छे!"