आकडीच्या झटक्यात लघवी का होते?

आकडी थांबते. आवळलेलं अंग सैल पडतं, श्वास घोरल्यासारखा चालू होतो. माणूस हळूहळू भानावर येतो आणि त्याचा हात आधी कपड्यांकडे जातो. ओले आहेत का?

डॉक्टरांनाही न सांगितली जाणारी ही गोष्ट आहे. लाज वाटते म्हणून.

मोठ्या झटक्यात लघवी होते ती बहुतेक वेळा हातपाय झटकणं ओसरता ओसरता. लघवी धरून ठेवणारा स्नायू तेव्हा ढिला पडतो. मूत्राशय भरलेलं असेल तर ते रिकामं होतं; झटक्याआधीच लघवीला जाऊन आलेल्याचे कपडे कोरडे राहू शकतात. त्यामुळे एकाच माणसाला एकदा होते, पुढच्या वेळी नाही. कपडे ओले झाले म्हणजे झटका जास्त गंभीर होता, असं मुळीच नाही.

काहींचे हातपाय झटकतच नाहीत. नजर हरवते, ओठ चाळवत राहतात, हाक ऐकू जात नाही, आणि तेवढ्यात लघवी होऊन जाते. काही थोड्यांना झटक्याच्या सुरुवातीला लघवीची अनावर घाई होते. ती घाई मेंदूतून आलेली असते. झटका मेंदूच्या कुठल्या भागातून सुरू होतो, याचा धागा डॉक्टरांना त्यातून मिळू शकतो, म्हणून ती जरूर सांगावी.

झोपेतला झटका तर एकट्या माणसाला कळतही नाही. सकाळी अंथरूण ओलं, जिभेची कड चावलेली, सगळं अंग ठणकत असलेलं. हे तिन्ही एकत्र दिसलं तर तपासणी टाळू नका. नुसत्या लघवीवरून मात्र अपस्मार, म्हणजे वारंवार आकडी येण्याचा आजार, ठरत नाही. भोवळ येऊन पडलेल्यालाही ती होऊ शकते.

तुम्ही जवळ असाल तर घड्याळ पाहा. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काहीही घालू नका, झटकणं थांबलं की कुशीवर वळवा. झटका पाच मिनिटांहून लांबला तर रुग्णवाहिका बोलवा. आणि कृपा करून बघ्यांना बाजूला करा, कमरेवर एक चादर टाका. हेही प्रथमोपचारातच मोडतं.

डॉक्टरांकडे जाताना लिहून न्या: लघवी झाली का, कधी झाली, आधी घाई जाणवली होती का. झटका नसतानाही लघवी सुटत असेल किंवा जळजळ होत असेल, तर ते वेगळं सांगा. त्याचं कारण दुसरंच असू शकतं, आणि त्यावर उपचारही वेगळे असतात.