पिकअपला कान नसतात

मंडळी, बोलण्याआधी दोन तुकडे वाजवून दाखवतो. हा साग, सदाशिव पेठेतल्या एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईचा. आणि ही शिवण, कोकणातून आणलेली. बोटाच्या पेराने ठोकतोय, लक्ष द्या. साग नुसता ‘ठक’ म्हणाला. शिवण ‘टण्ण’ म्हणाली आणि जरा रेंगाळली. आता सांगा, इलेक्ट्रिक गिटार कशाची सुरेल होईल? बघा, निम्म्याहून जास्त हात शिवणीसाठी वर गेले.

मीही असाच फसलो होतो. पहिली गिटार करायला घेतली तेव्हा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये अख्खी सकाळ फळ्या ठोकत हिंडलो. शेवटी एका दुकानातला माणूस वैतागून म्हणाला, “साहेब, दार करायचंय का ढोलकी?” तो प्रश्न मला वाटला त्यापेक्षा बराच शहाणा होता.

ठोकून बघायची रीत खोटी नाही, ती आली दुसऱ्या घराण्यातून. मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्यासाठी भोपळा आणि तुणीचं लाकूड निवडताना जे कान लावतात, त्याला कारण आहे. तिथे तारेचं कंपन घोडीतून तबलीत, म्हणजे वरच्या पातळ फळीत, उतरतं, तबली हवा हलवते आणि ती हवा आपल्या कानापर्यंत येते. तबली बदलली की आवाज बदलला. इलेक्ट्रिक गिटारमध्ये या वाटेने काही जातच नाही. तारेखाली चुंबक, चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे, हाच पिकअप. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तीच ॲम्प्लिफायरकडे जाते. लाकूड कितीही गोड ‘टण्ण’ म्हणो, पिकअपला ते ऐकू येत नाही. पिकअपला कान नसतात. (वेढे सैल राहिले तर तो थोडा मायक्रोफोनसारखा वागतो हे खरं, पण तो दोष धरला जातो आणि मेण मुरवून घालवला जातो.)

मग लाकडाचं काहीच काम नाही का? इथे ‘लाकूडच सगळं’ म्हणणारे आणि ‘लाकूड काहीच नाही’ म्हणणारे हातघाईवर येतात, म्हणून जरा सावकाश जाऊ. पिकअपला फक्त तार दिसते, हे कबूल. पण तारेची दोन टोकं कशाला तरी बांधलेली आहेत. ती टोकं पूर्ण अचल असती तर तार आपली ऊर्जा सांभाळून ठेवती. प्रत्यक्षात टोकं किंचित हलतात आणि ज्या स्वराला खालचं लाकूड हलायला राजी असतं, त्या स्वराची ऊर्जा लाकूड पिऊन टाकतं. तो स्वर इतरांपेक्षा लवकर मरतो. वाजवणारे त्याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. म्हणजे लाकूड आवाजात भर घालत नाही, ते त्यातून काढून घेतं. वसुली खातं म्हणा.

आणि हे खातं बॉडीत कमी, नेकमध्ये जास्त आहे. नेकला मी सतारीसारखं दांडीच म्हणतो. बॉडी पावणेदोन इंच जाडीचा ठोकळा, तो सहजी वाकत नाही. दांडी मात्र इंचभरसुद्धा जाड नाही, लांब आहे आणि एका टोकाला मोकळी आहे. घरी करून बघा: जो स्वर लवकर मरतो तो शोधा, मग दांडीच्या शेंड्याला सुताराचा छोटा शिकंजा आवळा आणि पुन्हा वाजवा. मेलेला स्वर तिथून उठून शेजारच्या पडद्यावर जाऊन बसलेला असेल. शेंड्याचं वजन वाढलं, दांडीच्या कंपनाचा वेग उतरला, एवढंच. हा शिकंजा बॉडीला लावून असला चमत्कार होत नाही.

बॉडीच्या लाकडाभोवती जी दंतकथा आहे तिचा उगम बघितला तर करमणूक होते. फेंडर या गिटार कंपनीने १९५० च्या सुमारास ॲश नावाचं लाकूड वापरलं आणि १९५६ मध्ये आपल्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलसाठी ती बहुतांशी आल्डर या लाकडाकडे वळली, कारण आल्डरची छिद्रं बुजवावी लागत नाहीत आणि रंग पटकन बसतो. कारखान्याचा हिशेब होता तो. पुढे त्याच हिशेबाला लोकांनी ‘आल्डरचा समतोल टोन’ असं नाव दिलं. २०२० मध्ये कंपनीने बहुतेक मॉडेलांतून ॲश काढलं तेही किडीमुळे आणि पुरामुळे लाकूड मिळेना म्हणून. त्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ ही गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. वाजायची उत्तम, फक्त रंगमंचावरच्या दिव्यांनी तापली की धातू प्रसरण पावून सूर हलायचा. डॅनइलेक्ट्रो कंपनीने तर मेसोनाइट, म्हणजे हार्डबोर्ड वापरला, आणि तसली गिटार लेड झेपेलिनच्या जिमी पेजने वाजवली.

माझा स्वतःचा प्रयोग सांगतो, पण त्याला शास्त्र म्हणू नका. एकच दांडी, तेच पिकअप, तोच ब्रिज (म्हणजे घोडी), आधी सागाच्या बॉडीवर आणि मग शिवणीच्या. तीन मित्रांना पडद्याआडून ऐकवलं. एकाने सागाला शिवण म्हटलं, दुसऱ्याला दोन्ही सारखे वाटले, तिसऱ्याने चहा कधी ते विचारलं. मग गुपचूप व्हॉल्यूमचा ५०० किलोओहमचा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा फिरता रोध, काढून २५० चा बसवला. तिघेही एकदम म्हणाले, “आता मऊ झाला!” तापकीर गल्लीत हा पॉट चहा-पोह्यांच्या पैशांत मिळतो. लांब केबलनेही तसंच होतं: केबलची धारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, वाढते, पिकअपचा अनुनाद खाली सरकतो आणि वरची धार बोथट होते. पिकअप तारेपासून किती दूर, तार किती जाड, पिकअप ब्रिजजवळ की दांडीजवळ, या सगळ्यांचा परिणाम कानाला थेट कळतो. टोन हवा असेल तर डोकं तिथे लावा.

मग लाकूड कशावरून निवडायचं? माझं उत्तर: बॉडीचं खांद्यावरून, दांडीचं पावसाळ्यावरून.

खांद्याचं सोपं आहे. पोकळ्या कोरल्यावर बॉडीत साधारण चार लिटर लाकूड उरतं. साग लिटरला सुमारे ६५० ग्रॅम, म्हणजे बॉडी २.६ किलो. शिवण लिटरला अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे दोन किलो. शिसवी ८३० ग्रॅमच्या पुढेमागे, म्हणजे सव्वातीन किलो, आणि त्यावर दांडी, ब्रिज, खुंट्या वेगळ्या. ३० जानेवारी १९६९ ला लंडनच्या गच्चीवर बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या गळ्यात जी अख्ख्या रोझवूडची (शिसवीच्या जातीची) फेंडर टेलिकास्टर गिटार होती ती दिसायला राजबिंडी, पण गणेशोत्सवात तीन तास उभं राहून वाजवणाऱ्या पोराला मी ती सुचवणार नाही. फार हलकंही नको. दांडी जड आणि बॉडी हलकी झाली की हात सोडताच गिटार मान टाकते.

दांडीवर जास्त वेळ घालवा. सहा तारांचा मिळून ताण पंचेचाळीस किलोच्या आसपास, तोही रात्रंदिवस. माझी पहिली दांडी मी ऑगस्टमध्ये आणलेल्या फळीतून काढली. विकणाऱ्याने ‘पूर्ण मुरलेलं’ म्हणून शपथ घेतली होती. मे महिन्यात तिने असा पीळ घेतला की पहिली तार पडद्यांना टेकली आणि सहावी हवेत. दांडीच्या आत ट्रस रॉड म्हणजे पोलादी सळई असते ना, ती बाक काढते, पीळ नाही. ती दांडी आता आमच्याकडे मांजराला हाकलायला आहे.

तेव्हापासून मी शपथांवर जात नाही, वजनकाट्यावर जातो. फळीचा छोटा तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तोलत राहा. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० वर थांबला तर ओल १२ टक्के. एवढं चालेल, कमी असेल तर उत्तम. १८-२० निघाली तर फळी माळ्यावर टाका आणि पुढचा उन्हाळा बघा. पुण्यात पावसाळ्यात दारं घट्ट बसतात आणि एप्रिलमध्ये खडखडतात, ते बघत आपण वाढलोय. लाकूड रेघांच्या आडवं फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळीच्या कापलेल्या टोकाकडून बघा. तिथल्या वाढीच्या रेघा फळीच्या रुंद बाजूला काटकोनात उभ्या हव्यात आणि कडेच्या रेघा टोकापर्यंत सरळ, गाठीविना. अशी एकच फळी मिळत नसेल तर तीन पट्ट्या उलटसुलट चिकटवा, त्या एकमेकींना धरून ठेवतात. सागाला नैसर्गिक तेल असतं, म्हणून गोंद लावण्याआधी थिनरने पुसून घ्या. त्यात सिलिकाही असतो, रंध्याचं पातं लवकर बोथटतं, ती तयारी ठेवा. वाड्याचा साग मला आवडतो तो यासाठीच. शंभर पावसाळे खाऊन त्याला जे हलायचं ते हलून झालेलं असतं. फिंगरबोर्डला, म्हणजे दांडीवरच्या पडद्यांच्या पट्टीला, आपला शिसवी घ्या. जगभरचे गिटारवाले तो आपल्याकडून नेतात, आपण त्याचे देव्हारे करतो.

प्रश्न आलाय, प्लायवूड किंवा ब्लॉकबोर्ड चालेल का. काका, ब्रायन मे याने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरी गिटार करायला घेतली, तिच्या बॉडीत ब्लॉकबोर्ड आहे. दांडी जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची, आणि तिला किडीने पाडलेली भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. तीच गिटार घेऊन तो क्वीन या बँडबरोबर जगभर वाजवत फिरला. त्यामुळे खुशाल वापरा, फक्त स्क्रू जिथे बसणार तिथे भरीव लाकूड घाला.

आणि ताई, तुम्ही विचारलंत, जुन्या बाजारातली तुळई घेताना काय बघू. वाळवी, भेगा, आणि मुख्य म्हणजे खिळे. जुने हाताने घडवलेले खिळे आत तुटून राहतात, वरून पत्ता लागत नाही आणि रंधा मशीनचं पातं जातं. फुटक्या स्पीकरचं चुंबक खिशात ठेवा आणि लाकडावर फिरवा. हे बघा, या मघाच्याच सागावर फिरवतो. इकडे नाही... इकडे नाही... अरे! चिकटलं. तीन वर्षं हा तुकडा माझ्या घरात आहे. म्हणजे मघाशी ‘ठक’ म्हणाला तो साग की खिळा, देव जाणे.