एक उभी, एक आडवी

नमस्कार श्रोतेहो. लख्ख चांदणं आहे, रस्त्यावरचे दिवे डोळ्यांत जातायत, आकाशगंगेचा पत्ता नाही, अशी रात्र असली की छोटी दुर्बीण असणारे हिरमुसतात. तेजोमेघ, दीर्घिका सगळे त्या उजेडात बुडतात. जोडतारे मात्र बुडत नाहीत. सप्तर्षींमधला वसिष्ठ बघा. शेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांना दिसते, पण दुर्बिणीतून खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे होतात, 14 विकलांच्या अंतरावर. विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. हंस तारकासमूहाच्या चोचीतला अल्बिरिओ तर त्याहून सोपा. एक तारा सोनेरी, दुसरा निळसर.

किती जवळचे तारे वेगळे दिसतील हे भिंगाच्या व्यासावर ठरतं. 116 ला मिलिमीटरमधल्या व्यासानं भागा. 70 मिलिमीटरच्या दुर्बिणीला उत्तर येतं साधारण 1.7 विकला. व्यासावर ठरतं, बरं का, वर्धनावर नाही! खोक्यावर ‘500 पट मोठं दिसेल’ असं ठळक छापतात ना, ते वाचून दुर्बीण घेऊ नये. त्या 500 पटींत तारा नाही, ताऱ्याचा धुरकट गोळा दिसतो. असो, या विषयावर मी सुरू झालो की घरचे उठून जातात.

तर माझी गोष्ट. अभिजित ताऱ्याच्या अगदी जवळ एक तारा आहे, एप्सिलॉन लायरी. साध्या द्विनेत्रीतूनही त्याचे दोन तारे दिसतात. गंमत पुढे आहे: त्या दोघांपैकी प्रत्येक पुन्हा जोडतारा. म्हणजे एकूण चार. विल्यम हर्शेलनं 1779 मध्ये हे पाहिलं होतं. प्रत्येक जोडीतलं अंतर 2 विकलांहून थोडंसं जास्त. माझी दुर्बीण 70 मिलिमीटरची, म्हणजे हिशेबानं दिसायलाच हवेत. आणि मला आठ रात्री दिसले नाहीत. घरातून दुर्बीण उचलायची, गच्चीत मांडायची, 150 पट वर्धनाची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसवायची, की समोर दोन थरथरणारे ठिपके. हिशेब चुकला, भिंग वाईट, डोळे गेले, सगळं मनात येऊन गेलं.

नवव्या रात्री दुर्बीण नुकतीच मांडली आणि एका मित्राचा फोन आला. त्याचा फोन म्हणजे तासाची निश्चिंती. दुर्बीण एकटी गच्चीत. परत आलो तर, पृथ्वी फिरत असल्यानं, तारा अर्थातच दुर्बिणीतून निसटलेला. तो पुन्हा धरला, तेवढ्यात पुतणी म्हणाली, “काका, आधी मी.” ती दहा वर्षांची. काय दिसणार हे मी तिला मुद्दामच सांगितलं नव्हतं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “एक जोडी उभी आहे आणि एक आडवी.”

श्रोतेहो, माझ्या अंगावर काटा आला. कारण त्या दोन जोड्या एकमेकींशी जवळजवळ काटकोनातच आहेत! हे पोरीला कुठून कळणार? तिनं ते पाहिलं होतं.

काय बदललं होतं? फोनचा तो एक तास. घरातली उबदार दुर्बीण बाहेर आणली की नळीतली हवा उसळत राहते आणि तारा थरथरतो. भिंग आणि नळी बाहेरच्या हवेइतकी गार झाली की तारा शांत होतो. म्हणून पुन्हा सांगतो: दुर्बीण आधी बाहेर ठेवा, तास-अर्धा तास जाऊ द्या, मगच डोळा लावा. आधी बाहेर, मग डोळा.

आणि पाहिलेलं कागदावर काढा. नेत्रिकेला फोन चिकटवून फोटो काढण्यात लोकांना काय मिळतं मला कळत नाही. पुतणीनं पेन्सिलनं काढलेले ते चार ठिपके माझ्या वहीत आहेत.

माझी पाळी? ती बाजूला झाली, मी वाकलो, तोवर तारा पुन्हा निसटला होता. 150 पटींत दोन मिनिटंसुद्धा थांबत नाही तो.

नमस्कार.