आगगाडी न आलेल्या वाटेवर

ही वाट आगगाडीसाठी बांधलेली आहे, आणि तिच्यावरून आजवर एकही आगगाडी गेलेली नाही. दक्षिण स्पेनमधील आंदालुसियात, कादिस आणि सेव्हिल या दोन प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात, ओल्वेरा आणि प्वेर्तो सेर्रानो या गावांना जोडणारी ही वाट सुमारे 36 किलोमीटर लांबीची आहे. तिच्यावर 30 बोगदे आणि 4 मोठे पूल आहेत. मोटारींना येथे मज्जाव आहे. सायकलस्वार, पायी चालणारे आणि घोड्यावरून जाणारे यांच्यासाठीच ही वाट राखलेली असून, शेताकडे निघालेला एखादा ट्रॅक्टर क्वचित तिला छेद देऊन जातो. 'विया वेर्दे दे ला सिएर्रा', म्हणजे डोंगरातला हरित मार्ग, या नावाने ती ओळखली जाते.

या वाटेची कथा सुरू होते ती 1920 च्या दशकात. जनरल प्रिमो दे रिवेरा यांच्या हुकूमशाहीच्या काळात, 1926 साली, स्पेनने तातडीने बांधायच्या नव्या रेल्वेमार्गांची एक मोठी योजना आखली. हेरेस या शहरापासून निघून डोंगरातील गावांमधून आल्मारहेन या गावापर्यंत जाणारा मार्ग त्या योजनेत होता. खेचरांच्या पाठीवरून गहू आणि तेल वाहून नेणाऱ्या या गावांना प्रथमच रेल्वेची आशा दिसू लागली. कामगारांनी डोंगर फोडून खिंडी काढल्या, सखल जागी मातीचे भराव घातले, नद्यांवर कमानींचे पूल उभारले आणि स्थानकांच्या इमारतीही बांधल्या. पुढे राजवट बदलली, पैसा आटला आणि 1936 मध्ये यादवी युद्धाचा भडका उडाला. युद्धानंतरही काम मार्गी लागले नाही. 1962 साली जागतिक बँकेच्या अहवालाने नवे रेल्वेमार्ग बांधणे थांबवावे असा सल्ला स्पेनला दिला, आणि देशातील असे कित्येक अर्धवट मार्ग कायमचे बासनात गेले. स्थानके तयार होती, परंतु त्यांच्या फलाटांवर कधीही प्रवासी उतरला नाही.

जे आगगाडीला लाभले नाही, ते सायकलला लाभले, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज धावते, पण त्याच कारणाने ते चढावर लवकर घसरते. म्हणून मुख्य रेल्वेमार्गांवर शंभर मीटर अंतरामागे दोन-तीन मीटरांहून अधिक चढ सहसा ठेवत नाहीत. आपल्या बोरघाटात हे प्रमाण 37 मीटरला 1 मीटर असे आहे, आणि तेवढ्या चढासाठीही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात. रस्ता बांधणारा तो डोंगरावरून वळणे घेत वर चढवू शकतो. रेल्वेच्या अभियंत्याला मात्र डोंगर भेदावा लागतो आणि दरी पुलाने ओलांडावी लागते. परिणामी ज्या मुलखात मोटारीचा रस्ता सतत वर-खाली करीत राहतो, त्याच मुलखातून ही वाट संथपणे, जवळजवळ सपाटीवरून गेल्यासारखी पुढे सरकते. सामानाच्या पिशव्या लावलेली सायकल घेऊन डोंगरात फिरणाऱ्याला हा फरक गुडघ्यांत जाणवतो. ज्याने कधी डोंगरात सायकल चालवली नाही असा साठीचा माणूसही येथे दिवसभर पायडल मारू शकतो, आणि या वाटेचे सर्वांत मोठे देणे मला हेच वाटते.

ओल्वेरा हे टेकडीच्या माथ्यावर वसलेले गाव आहे. सर्वांत वर मुस्लिम राजवटीच्या काळातील किल्ला आणि त्याच्या शेजारी चर्च, आणि त्यांच्या खाली उतरत गेलेली चुन्याने रंगवलेली पांढरी घरे असे त्याचे रूप आहे. कॅस्टिल या ख्रिस्ती राज्याचा राजा अकरावा अल्फोन्सो याने हे गाव 1327 साली जिंकून घेतले, आणि त्यानंतर दीर्घकाळ ते ग्रानादाच्या सुलतानी राज्याच्या सीमेवरील ठाणे होते. गावाच्या पायथ्याशी जुने स्थानक आहे. तेथे सायकली भाड्याने मिळतात आणि मुक्कामाचीही सोय आहे. येथून निघाल्यावर दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या बागा लागतात. मे महिन्यात या झाडांना बारीक, पिवळसर पांढरा मोहर येतो, आणि नोव्हेंबरपासून हिवाळाभर फळांची काढणी चालते. झाडांखाली जाळी अंथरून फांद्या लांब काठ्यांनी झोडपण्याची जुनी पद्धत चढउताराच्या शेतांत अजूनही दिसते, कारण फांद्या हलवून फळे पाडणारी यंत्रे तेथे चालवणे अवघड जाते. ओढ्यांच्या काठी कण्हेर फुललेली असते. महाराष्ट्रात महामार्गांच्या दुभाजकांवर लावली जाणारी हीच ती कण्हेर. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात ती नदीनाल्यांच्या पात्रांत आपोआप उगवते. वसंतात वाटेच्या कडेला वाकून झुडपांत काही शोधणारी गावकरी मंडळी भेटतात. ती रानशतावरीचे कोवळे कोंब खुडत असतात, आणि अंड्यांत परतलेले हे कोंब रात्री घरोघरी ताटात येतात.

थोड्याच वेळात बोगदे सुरू होतात. त्यांतील काही इतके आखूड आहेत की आत शिरताच पलीकडचा उजेड दिसतो, तर सर्वांत लांब बोगदा जवळपास एक किलोमीटरचा आहे. लांब बोगद्यांत दिव्यांची व्यवस्था आहे, तरीही सायकलला पुढचा दिवा असणे आवश्यक आहे. बाहेर उन्हाने अंग तापलेले असताना आत शिरल्यावर काही क्षणांत गारवा लागतो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत वेग कमी करावा लागतो, आणि मग भिंत दिसू लागते. कोठे काँक्रीटचे अस्तर गुळगुळीत आहे, तर कोठे उघडा खडक तसाच ठेवलेला आहे. झिरपणाऱ्या पाण्याने त्यावर चुन्याचे पांढरट ओघळ तयार झाले आहेत. हे सारे खोदणाऱ्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. त्यांच्या कष्टाचा उपयोग आज होतो आहे ही समाधानाची गोष्ट आहे, परंतु तो उपयोग त्यांच्या गावांना त्यांच्या हयातीत झाला नाही, हेही येथून जाताना ध्यानात ठेवावे.

ओल्वेरा मागे पडल्यावर ग्वादालपोर्कुन नदीच्या खोऱ्यात एक चुनखडीचा उभा कडा समोर येतो. हा साफ्रामागोनचा कडा. तो राखीव निसर्गक्षेत्र असून तेथे ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. शेकडो पक्षी या एका खडकावर राहतात. कड्याच्या जवळच, कधीही न वापरल्या गेलेल्या साफ्रामागोन स्थानकाच्या इमारतीत, गिधाडांविषयीचे माहिती केंद्र उभारले आहे, आणि कड्याकडे रोखलेल्या कॅमेऱ्यातून तेथील हालचाली पडद्यावर पाहता येतात.

सकाळी लवकर येथे आलात, तर पक्षी कपारींत बसलेले दिसतील. ग्रिफन गिधाडाचे वजन सहा ते अकरा किलोच्या दरम्यान असते आणि पसरलेल्या पंखांची रुंदी अडीच मीटरांच्या आसपास भरते. इतके जड शरीर केवळ पंख मारून फार वेळ हवेत ठेवता येत नाही. म्हणून ऊन चढून कड्यालगतची हवा तापण्याची आणि वर उठण्याची वाट ते पाहत राहतात. साधारण दहाच्या सुमारास पहिला पक्षी कडा सोडतो, पंख न हलवता एक फेरी घेतो, दुसरी घेतो, आणि प्रत्येक फेरीला वर सरकत जातो. त्याने हवा पेलते आहे हे दाखवून दिल्यासारखे पाठोपाठ इतर पक्षी हवेत झेपावतात, आणि अर्ध्या तासात कड्यावरचे आकाश त्यांनी भरून जाते. दुर्बिणीतून पाहिले तर पंखांच्या टोकांची लांब पिसे बोटांसारखी वेगवेगळी झालेली आणि वाऱ्याबरोबर किंचित वाकलेली दिसतात.

या गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. ते बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस घातले जाते, नर-मादी दोघेही आळीपाळीने ते उबवतात, आणि पिल्लू उडू लागेपर्यंत उन्हाळा उजाडतो. ज्या पक्ष्याची वाढ इतकी सावकाश होते, त्याची संख्या एकदा कोसळली की सावरायला अनेक दशके लागतात, हे भारताइतके कोणी अनुभवले नसेल. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे मेलेल्या जनावरांचे मांस गिधाडांसाठी विष ठरले, आणि आपल्याकडील तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. महाराष्ट्रातील अनेक कडेही त्यामुळे ओस पडले. भारताने गुरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी घातली. असे असूनही 2013 साली स्पेनमध्ये त्याच औषधाला जनावरांसाठी परवानगी मिळाली, तेव्हा पक्षिशास्त्रज्ञांनी भारताचा दाखला देऊन तिला विरोध केला. युरोपातील बहुतांश ग्रिफन गिधाडे स्पेनमध्ये असल्यामुळे हा प्रश्न साफ्रामागोनच्या कड्यापुरता मर्यादित नाही. तो विरोध योग्यच होता असे मी मानतो.

कड्यानंतर वाट नदीच्या सोबतीने पुढे जाते आणि सेव्हिल प्रांतातील कोरिपे गावाच्या स्थानकापाशी येते. गाव वर आहे, स्थानक खाली. जवळच एक विस्तीर्ण ओकवृक्ष आहे. निसर्गस्मारक म्हणून त्याला संरक्षण आहे आणि गावची जत्रा त्याच्या सावलीत भरते. दुपारी थांबायला ही जागा उत्तम. भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि हिरवट ऑलिव्ह तेल घालून खाण्याची येथील रीत आहे. ज्या झाडांमधून आपण सकाळभर आलो, त्यांची चव त्या तेलात लागते.

स्पेनमध्ये अशा हरित मार्गांचा कार्यक्रम 1993 मध्ये सुरू झाला. बंद पडलेल्या आणि अपूर्ण राहिलेल्या रेल्वेमार्गांची मोजदाद त्या वेळी केली गेली, तेव्हा अशी वापराबाहेर गेलेली लांबी साडेसात हजार किलोमीटरांहून अधिक भरली. स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठानाने स्थानिक नगरपालिका आणि प्रांतिक सरकारे यांच्या साहाय्याने त्यांतील तीन हजारांहून अधिक किलोमीटर आतापर्यंत चालण्या-सायकलीसाठी खुले केले आहेत. येथे जी शांतता आहे ती आपोआप टिकलेली नाही. जमीन सार्वजनिक मालकीची राहिली, तिचे तुकडे करून विकले गेले नाहीत, आणि मोटारींना बंदी घालण्याचा निर्णय कोणी तरी घेऊन तो पाळला, म्हणून ती आहे. ओस पडलेला रेल्वेमार्ग एकदा अतिक्रमणात गेला की तो परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते.

जुलै-ऑगस्टमध्ये येथे पारा चाळिशीच्या आसपास पोहोचतो, तेव्हा ते महिने टाळावेत. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सर्वांत सुखाचा काळ. पाणी सोबत पुरेसे घ्यावे, कारण मधल्या पट्ट्यात वस्ती विरळ आहे.

बहुतेक लोक ओल्वेराहून निघून ग्वादालेते नदीच्या खोऱ्यातील प्वेर्तो सेर्रानोला उतरतात, कारण एकंदर उतार त्या दिशेने आहे, आणि तेथून गाडीत सायकल टाकून परत येतात. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांच्या हाती दोन दिवस असतील त्यांनी रात्र प्वेर्तो सेर्रानोमध्ये काढावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सायकलवरूनच परत चढावे. चढ सौम्य आहे, तो आपल्याला फार दमवणार नाही. मात्र वेग आपोआप कमी होईल, आणि साफ्रामागोनच्या कड्याखाली आपण पोहोचू तेव्हा हवा तापून गिधाडे केव्हाच आकाशात असतील.