कच्चा मसुदा आणि परका वाचक

मित्रहो, आंतरविद्याशाखीय कार्यशाळा आणि संशोधक विद्यार्थ्यांचे गट या विषयावर मी बोलावं, असं मला सांगण्यात आलं. अशा गटांमध्ये बरीच वर्षं बसल्यावर माझी खात्री झाली आहे, की सगळी मदार एका गोष्टीवर असते: मधे टेबलावर काय ठेवलं आहे. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या गटात इतिहासाची एक विद्यार्थिनी होती. तिचा प्रबंध साथीच्या रोगांवर. एका जुन्या रुग्णालयाच्या नोंदवहीवरून लिहिलेलं प्रकरण तिनं आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवलं होतं. शेवटची चार पानं तर नुसती टिपणं होती. आमचा नियम असा, की लेखकानं प्रास्ताविक करायचं नाही. सगळे वाचून आलेले असतात, थेट बोलायला लागायचं. संख्याशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं नोंदवहीच्या पानाचा फोटो पुढे सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "ताई, ही जागा कोरी आहे. म्हणजे त्या आठवड्यात कुणी दगावलं नाही, की कुणी लिहिलंच नाही?"

ती गप्प झाली. कोऱ्या जागा शून्य धरूनच तिनं तक्ता केला होता. तिच्या मार्गदर्शकांनी प्रकरण दोनदा वाचलं होतं, त्यांच्याही नजरेतून हे निसटलं होतं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "या जागेनंतर अक्षर बदललंय बघ. पहिला कारकूनच आजारी पडला असेल." आता गप्प व्हायची पाळी त्याची होती. साथ जेव्हा सगळ्यात जोरात होती तेव्हाच लिहिणारा माणूस नव्हता, असा त्याचा अर्थ निघत होता. गहाळ माहिती वेगवेगळ्या प्रकारांनी गहाळ होते, हे संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये नीट मांडून दाखवलं. ती नोंद होणं न होणं त्या आकड्यावरच अवलंबून असेल, तर आजूबाजूची सरासरी काढून जागा भरता येत नाही. त्या मुलानं हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. कोऱ्या रकान्याला कारण असतं, ते कारण एखाद्या माणसाचं आजारपण असू शकतं, हे त्याला त्या दिवशी दिसलं.

हेच दोघं 'आरोग्य आणि समाज' अशा विषयावरच्या परिसंवादात भेटले असते, तर तिनं तिचं भाषण केलं असतं, त्यानं त्याचं, आणि दोघांनी एकमेकांसाठी टाळ्या वाजवल्या असत्या. मोठ्या विषयाखाली माणसं शेजारी बसतात, पण एकमेकांच्या कामात हात घालत नाहीत. त्याला एक पान लागतं.

विज्ञानाच्या इतिहासात याचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे. माक्स डेलब्रुक हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. ते जीवशास्त्राकडे वळले तेव्हा जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंवर, म्हणजे फाजांवर, जो तो आपापले विषाणू आणि आपापले जिवाणू घेऊन काम करत होता. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या निष्कर्षांशी ताडून बघायची सोयच नव्हती. १९४४ मध्ये डेलब्रुक यांनी सहकाऱ्यांपुढे आग्रह धरला: टी-१ ते टी-७ हे सातच फाज घ्या आणि ई. कोलाय या जिवाणूचा 'बी' हाच वाण वापरा. पुढच्याच उन्हाळ्यात, १९४५ मध्ये, अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी फाजचा छोटा अभ्यासक्रम सुरू केला, आणि तो १९७० पर्यंत चालला. १९४७ मध्ये तिथे लिओ झिलार्ड येऊन बसले. अणूंच्या साखळी अभिक्रियेची कल्पना मांडणारा हा माणूस पन्नाशीला टेकलेला, आणि जिवाणूंच्या बशीवरचे ठिपके मोजायला शिकत होता. एक समान वस्तू ठरली, म्हणूनच बाहेरून येणाऱ्याला हात घालायला जागा मिळाली, असं मला वाटतं.

शब्दांचा घोळ मात्र होणारच. 'मॉडेल' म्हटलं की जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उंदीर येतो, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला समीकरणं दिसतात आणि वास्तुरचनेच्या मुलीला पुठ्ठ्याची इमारत. आम्ही एकदा अर्धा तास वाद घातला आणि मग कळलं, की वाद नव्हताच. तो अर्धा तास वाया गेला असं मी मानत नाही. आपला शब्द परक्याला समजावून सांगताना आपलंच गृहीतक उघडं पडतं.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असलेली शंका. प्रबंध तपासणार आहेत आपल्याच शाखेचे लोक. मग हा जास्तीचा उद्योग कशाला? ही शंका रास्त आहे. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, की कार्यशाळेसाठी वेगळं काही लिहू नका. जे प्रकरण तसंही लिहायचंच आहे, ते आणा. अडलेलं असेल तर फारच चांगलं. गट दहा-बारा जणांचा पुरतो, पण तीच माणसं पंधरा दिवसांनी पुन्हा यायला हवीत. पहिल्या दोन-तीन बैठकांत लोक जपून बोलतात. "हे मला कळलं नाही" असं कुणी मोकळेपणानं म्हणायला वेळ लागतो. प्राध्यापक असावेत, एक-दोनच, आणि त्यांनी शेवटी बोलावं. पहिल्याच मिनिटाला ते बोलले, की विद्यार्थी त्यांच्याकडे बघून बोलू लागतात.

अशा गटांचा घात बहुतेक वेळा एकाच कारणानं होतो. चालवणाऱ्यांना पदवी मिळते, ते निघून जातात, आणि पुढच्या वर्षी मसुदे कुणी मागवायचे हे कुणालाच ठाऊक नसतं. आमच्याकडे हे दोनदा झालं. तेव्हापासून आम्ही पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला सुरुवातीपासूनच हे काम देतो: कुणाचं प्रकरण कधी, कुणी वाचून आधी बोलायचं, कोण दोन वेळा आलं नाही, त्याला फोन करायचा. यंदा हे काम करणारी मुलगी तिसऱ्या रांगेत बसली आहे. पुढच्या बैठकीसाठीच्या मसुद्याच्या प्रती तिच्याकडे आहेत. जाताना एक घेऊन जा आणि पेन्सिल हातात धरून वाचा.