विल्ट, रसेल, शॅक, हकीम: बास्केटबॉलमधला सगळ्यात भारी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) कोण?

तर मंडळी, एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिची मॅच असते ४८ मिनिटांची. आणि १९६१-६२ च्या सीझनला विल्ट चेंबरलेन सरासरी किती मिनिटं खेळला? ४८.५! कारण ओव्हरटाइम पण हाच खेळायचा, बाहेर बसणं म्हणून माहीतच नाही. त्याच सीझनला सरासरी ५०.४ पॉइंट्स, २५.७ रिबाउंड्स (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), आणि २ मार्च १९६२ ला हर्शी गावात न्यूयॉर्कच्या निक्स टीमविरुद्ध एकट्याचे १००. त्याचं व्हिडिओ फुटेजच नाहीये, त्यामुळे मी दाखवू काय, हातात १०० लिहिलेला कागद धरलाय तो फोटो आहे, त्यावर भागवा.

आता तुम्ही म्हणाल विषयच संपला. थांबा, त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू कोण? बिल रसेल. सरासरी १८.९ पॉइंट्सवाला! आणि तेव्हा मतं पत्रकार नाही, खेळाडू द्यायचे, म्हणजे रोज या दोघांच्या समोर उभं राहून ज्यांची हाडं मोडायची त्यांनीच रसेलला निवडला. का? कारण रसेल समोरच्याचा शॉट ब्लॉक करून (हवेतच अडवून) बॉल प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घ्यायचा नाही, हळूच आपल्याच माणसाकडे ढकलायचा आणि तिथून पळापळी सुरू. गंमत म्हणजे एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ ला, रसेल तोवर रिटायर, त्यामुळे गड्याचं सगळ्यात मोठं काम कागदावरच नाही. कागदावर काय आहे, तर १३ सीझनमध्ये ११ चॅम्पियनशिप.

आणि ते ५० पॉइंट्स पण जरा नीट बघा हं. तेव्हा एकेक टीम मॅचला १०० च्या वर शॉट मारायची, शॅकच्या (शकील ओ'नीलच्या) १९९९-२००० च्या सीझनला ८२ च्या आसपास. एवढ्या संथ खेळात शॅकने २००० च्या फायनलमध्ये सरासरी ३८ काढलेत. मला तर ते ३८ जास्त जड वाटतात.

पण शॅक काय, विल्ट काय, दोघांचं दुखणं एकच, फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर कोणी न अडवता मारायला मिळतो तो शॉट. करिअरभरात दोघंही निम्म्याच्या जरासे वर. त्या १०० वाल्या मॅचला विल्टने खालून दोन्ही हातांनी टाकून ३२ पैकी २८ घातले होते, आणि पुढे ती स्टाइल सोडली का, तर म्हणे तसं टाकताना बायकी दिसतो! काय बोलणार.

अजून एक सेंटर करीम अब्दुल-जब्बार, त्याच्याबद्दल एवढंच, ६ एमव्हीपी आणि तो स्काय हूक (एका हाताने डोक्यावरून मारायचा शॉट), त्याच्यासाठी वेगळा व्हिडिओ करतो.

शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कोणाकडे द्यायचा विचाराल तर माझा माणूस हकीम ओलाजुवान. लहानपणी नायजेरियात हँडबॉल आणि फुटबॉलचा गोलकीपर, पाय असे नाचायचे की समोरचा भलतीकडेच उडी मारायचा. १९९४ ला एमव्हीपी, बेस्ट डिफेंडर आणि फायनल्स एमव्हीपी तिन्ही एकाच सीझनला, पुढच्या वर्षी फायनलमध्ये शॅकच्या ऑर्लँडो टीमला ४-०. पण अख्खं दशक जिंकायचं असेल तर रसेलच.

आणि तो कधी बाहेर न बसणारा विल्ट? १९६९ ची फायनल, सातवी मॅच, समोर रसेल, त्याची शेवटची मॅच. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना विल्टचा गुडघा दुखावला, बाहेर गेला, मग परत येतो म्हणाला तर कोचने घेतलंच नाही. विल्टची टीम लेकर्स २ पॉइंट्सने हरली, आणि विल्ट बेंचवर.